हातघडणीची गिटार: आधी हवा, मग नेक, मग सॅडल

हाताने घडवलेली गिटार घरी आली की पहिली खरेदी तारांची किंवा कापोची (सगळ्या तारा एकदम दाबणाऱ्या चिमट्याची) नको, आर्द्रतामापकाची करा. छोटा डिजिटल मापक स्वस्तात मिळतो आणि पुढच्या दहा वर्षांत तो तुमचे बरेच पैसे वाचवतो. गिटार बेसूर झाली, तारा वर आल्या, मधूनच खरखर सुरू झाली, अशा दहांपैकी निम्म्या तक्रारींचं मूळ लाकडात किंवा कारागिरीत नसतं, खोलीतल्या हवेत असतं.

स्वस्त गिटार बहुधा प्लायची असते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे ती हवामानाला फारशी दाद देत नाही. कारागिराच्या गिटारची पुढची फळी मात्र अखंड स्प्रूस किंवा सीडरची, जेमतेम अडीच-तीन मिमी जाडीची. तिच्यावर सहा पोलादी तारांचा मिळून साधारण ७० ते ७५ किलोचा ताण रात्रंदिवस असतो, म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन. एवढी पातळ असते म्हणूनच ती बोलते, आणि म्हणूनच हलतेही.

हलते म्हणजे किती? लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. ४०० मिमी रुंद स्प्रूसची फळी मोकळी ठेवली आणि हवा ४५ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर नेली, तर ती तीन-चार मिमी फुगते. गिटारमध्ये ती मोकळी नसते. खालून आडव्यातिडव्या पट्ट्यांनी, म्हणजे ब्रेसेसनी, जखडलेली असते. रुंदीत पसरता येत नाही म्हणून ती वर फुगते, तारा जिथे अडकवतात त्या ब्रिजला सोबत उचलते आणि तारा बोटांपासून दूर जातात. वैशाखात उलटं होतं: फळी आक्रसते, खाली बसते, तारा फ्रेटवर, म्हणजे नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) धातूच्या पट्ट्यांवर, टेकायला लागतात. त्याहून कोरडी पडली की तडा.

मागवताना काय विचारायचं

आगाऊ रक्कम देण्याआधी कारागिराला पहिला प्रश्न लाकडाचा नको. ‘ब्रेसेस चिकटवताना कार्यशाळेत आर्द्रता किती असते?’ हे विचारा. उत्तर ४० ते ५० टक्क्यांत आलं तर पुढचं बोला. ‘आमच्याकडची हवा चांगलीच असते’ असं आलं तर हात आखडता घ्या. ज्या आर्द्रतेत गिटार बांधली, तीच तिची विश्रांतीची जागा. ऐन पावसात, ८० टक्के हवेत चिकटवलेली फळी पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात फाटायला बघते.

नंतर न बदलता येणाऱ्या गोष्टी आधी ठरवा, नक्षी आणि शिंपल्याची जडणघडण सर्वांत शेवटी. नटची, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीची, रुंदी ही पहिली. कॉर्ड वाजवत गाणाऱ्याला ४३ मिमी पुरते, बोटांनी तारा छेडणाऱ्याला ४४.५ मिमी बरी पडते, आणि नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला साधारण ५२ मिमी असते. दीड मिमीचा फरक कागदावर काहीच वाटत नाही, बोटांना पहिल्या मिनिटात कळतो. दुसरी गोष्ट स्केल, म्हणजे नटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजमधली तारा टेकतात ती पट्टी) तारेची वाजणारी लांबी. ६४५ मिमी ही नेहमीची. हात लहान असेल किंवा तारा मऊ लागत असतील तर ६३२ मिमी मागवा. त्याच सुराला तारेचा ताण कमी राहतो. क्लासिकलमध्ये ६५० मिमी हे माप एकोणिसाव्या शतकातला स्पेनचा कारागीर अंतोनियो दे तोरेस याच्या काळापासून रुळलं आहे.

आकाराचं थोडक्यात सांगायचं तर ड्रेडनॉट मोठी, खर्ज भरपूर, घोळक्यात गायला चांगली. ओएम कमरेला बारीक, तारा वेगवेगळ्या ऐकू येतात, मांडीवर नीट बसते. पहिल्या हातघडणीच्या गिटारीला आम्ही ओएमच सुचवू. ड्रेडनॉट दुकानात पैशाला पासरी मिळतात, चांगली ओएम शोधावी लागते.

लाकडाबद्दल एक गंमत. जगभर ज्याला ‘ईस्ट इंडियन रोझवुड’ म्हणून मान आहे, ते आपलं शिसव. अमेरिकेच्या मार्टिन या गिटार कंपनीने १९६९ मध्ये ब्राझिलियन रोझवुड सोडून मागच्या-बाजूच्या फळ्यांसाठी हेच लाकूड धरलं. तेव्हा कारागीर शिसव सुचवत असेल तर ती दुय्यम प्रतीची तडजोड समजू नका. पाठीला महागडं लाकूड निवडण्यात महिनाभर घालवणारे लोक पुढच्या फळीबद्दल एक प्रश्न विचारत नाहीत, आणि आवाजाचा मोठा वाटा तर पुढच्याच फळीचा. फळीच्या कडेला रेषा सरळ, दाट आणि पृष्ठभागाला उभ्या आहेत का, तेवढं बघून घ्या.

हवा मोजा, मग राखा

स्वस्त मापक पाच-सात टक्क्यांनी सहज चुकतो, म्हणून आधी मापकाचीच परीक्षा घ्या. मीठ घरात असतंच.

१. बाटलीच्या झाकणात साधं मीठ भरा आणि त्यावर थेंब-थेंब पाणी टाका. ओल्या वाळूसारखं व्हायला हवं, विरघळून पाणी सुटता कामा नये.
२. झाकण आणि मापक एका झिप पिशवीत शेजारी ठेवा, मीठ मापकाला लागू देऊ नका. पिशवी नीट बंद करा.
३. रात्रभर, निदान दहा-बारा तास, पंख्याखाली किंवा उन्हात नाही अशा जागी राहू द्या.
४. पिशवी न उघडता आकडा वाचा. आत ७५ टक्केच असायला हवेत. मापक ८० दाखवत असेल तर तो पाच जास्त सांगतो. तसं पाठीमागे चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

लक्ष्य ४५ ते ५० टक्के. ४० ते ५५ मध्ये असेल तर झोप उडवून घेऊ नका. ३५ च्या खाली किंवा ६५ च्या वर आठवडाभर राहिली तर मात्र काहीतरी करायला हवं. जुलै-ऑगस्टात मुंबईची आणि कोकणची हवा ८० ते ९० च्या घरात असते. एप्रिल-मेच्या दुपारी नागपूर-अकोल्याकडे ती २० च्या आसपास उतरते, आणि संध्याकाळी कूलर लावला की त्याच खोलीत एकदम वर चढते. हे हेलकावे स्थिर दमटपणापेक्षा वाईट.

संपूर्ण खोली राखण्यापेक्षा गिटारची पेटी, म्हणजे केस, राखणं सोपं. म्हणून नियम असा की वाजवून झालं की गिटार हार्ड केसमध्ये, कडी लावून. मापक केसमध्येच, नेकच्या वरच्या टोकाच्या खणात. भिंतीवर टांगलेली गिटार दिसते छान, पण पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल असते आणि गिटारची पाठ नेमकी त्या भिंतीला.

पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल ठेवा: सुती पिशव्यांतून एकूण २०० ते २५० ग्रॅम, अर्धं नेकखाली आणि अर्धं बॉडीच्या कमरेशी. केशरी दाणे घ्या, भरले की हिरवे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते घरात नकोच. रंग बदलला की ताटलीत पातळ पसरून ११०–१२० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास, आणि पूर्ण गार झाल्यावरच परत केसमध्ये. नवखे इथे हमखास चुकतात. सिलिका जेल कुठे थांबायचं ते जाणत नाही, ती ओल शोषतच राहते. पाऊस गेला, ऑक्टोबर तापला, पिशव्या तशाच राहिल्या, की मापक ३० दाखवतो आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचायला लागतात. मापक ४५ वर आला की अर्ध्या पिशव्या काढा.

ही कटकट नको असेल तर दोन्ही बाजूंनी काम करणारी ४९ टक्क्यांची पाकिटं मिळतात. ती जास्तीची ओल घेतात आणि हवा कोरडी पडली की परत देतात. महाग पडतात, आणि केस दिवसातून चारदा उघडत असाल तर मुंबईच्या पावसात महिना-दीड महिन्यात फुगून निकामी होतात. कोरड्या पुण्या-नागपुरात जास्त टिकतात.

उन्हाळ्यासाठी घरगुती उपाय पुरतो. भोकं पाडलेली साबणाची प्लास्टिक डबी, तिच्यात स्पंज. स्पंज भिजवून इतका पिळा की मुठीत दाबला तरी थेंब पडणार नाही. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. नळाच्या पाण्याने स्पंजला वास आणि बुरशी येते. डबी केसच्या खणात ठेवा, गिटारच्या पोटात नाही. एक थेंब आत गळला तर लाकडावर कायमचा डाग.

तारा चढवणं

आधी एक गोष्ट ठासून सांगायला हवी: नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नका. तिची फळी साधारण ४० किलो ताणासाठी बांधलेली असते. पोलादी तारा जवळजवळ दुप्पट ओढतात, ब्रिज उखडतो, नेक वाकतो, आणि दुरुस्ती गिटारच्या किमतीत जाते. पोलादी गिटारवरही कारागिराने ज्या जाडीसाठी बांधली त्याच जाडीच्या तारा लावा. बहुतेक वेळा १२–५३ म्हणजे ‘लाइट’ (आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात). ११–५२ चालतात. १३–५६ लावण्याआधी विचारा.

सगळ्या तारा एकदम काढायला हरकत नाही, तासाभरासाठी. आठवडाभर बिनतारांची ठेवू नका, नेकमधल्या सळईचा, म्हणजे ट्रस रॉडचा, ताण एकटाच नेकला मागे ओढत राहतो.

ब्रिजवर पिना असतील तर तारेच्या टोकाच्या गोळीच्या वरचा भाग बोटाने किंचित वाकवा, तार भोकात सोडा, पीन तिची खाच तारेकडे ठेवून अंगठ्याने हलकीच दाबा आणि मग तार वर ओढा. गोळी आत ब्रिजच्या खालच्या फळीला टेकल्याचं हाताला कळतं, एक बारीक ‘टक्’ येतो. पीन वर सरकली तर गोळी पिनेच्या टोकावर बसली आहे; काढा, परत घाला. पिनेवर हातोडी किंवा पकडीचा दांडा मारू नका. भोकाच्या कडेला भेग जाते आणि ती वरून दिसत नाही. खुंटीला दोन-तीन वेढे पुरतात, त्यासाठी खुंटीपासून पाच सेंटिमीटर तार जादा सोडा. वेढे वरून खाली, एकमेकांवर न चढता. नंतर प्रत्येक तार मधोमध धरून हलकी ओढा, सूर लावा, पुन्हा ओढा. चार-पाच वेळा केलं की तार स्थिर होते, नाहीतर दोन दिवस तुम्ही खुंट्याच पिळत बसाल.

सूर लावताना नटपाशी ‘टिक’ आवाज येऊन तार उडी मारत असेल तर ती खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. तेल नको.

सेटअप तपासणी, याच क्रमाने

गिटार दोन दिवस ४५–५० टक्क्यांत राहिलेली असावी, सुरात असावी, आणि वाजवताना धरतो तशी धरलेली असावी. पाठीवर आडवी ठेवून मोजलं तर नेक स्वतःच्या वजनाने थोडी मागे जाते आणि आकडे फसवतात. क्रम मोडू नका: आधी हवा, मग नेक, मग सॅडल, शेवटी नट. सॅडल आधी घासून नेक नंतर सरळ करणारे लोक दुसरा सॅडल विकत घेतात.

नेक किंचित पुढे वाकलेला हवा, कारण तार थरथरते तेव्हा तिला मधोमध जागा लागते. या बाकाला रिलीफ म्हणतात. पहिल्या फ्रेटवर कापो लावा. उजव्या हाताने सहावी, म्हणजे सर्वांत जाड, तार, नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर, म्हणजे सहसा चौदाव्यावर, दाबा. आता ती तार म्हणजे सरळ पट्टी झाली. सातव्या फ्रेटशी तार आणि फ्रेट यांत ०.१५ ते ०.२५ मिमी फट हवी. फट मोजायची पाती, म्हणजे फिलर गेज, नसेल तर जुन्या पहिल्या तारेचा तुकडा घ्या, १२ च्या संचात ती ०.३० मिमी असते. तुकडा फटीत सैल सरकला तर रिलीफ जास्त आहे. तार वर उचलून जेमतेम जात असेल तर छान. अजिबात फट नसेल, तार सगळीकडे टेकत असेल, तर नेक सपाट किंवा मागे गेला आहे.

रिलीफ ट्रस रॉडने सुधारतो. ॲलन की कारागिराकडूनच मागून घ्या, बहुधा ४ किंवा ५ मिमीची असते. ढिली की फिरवली की आतला षट्कोन गोल होतो आणि मग ते काम तुमच्या हातात राहत नाही. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की रॉड आवळतो आणि बाक कमी होतो, उलट फिरवलं की वाढतो. एका वेळी आठवा भाग फेरा, मग सूर लावा, दहा मिनिटं थांबा, परत मोजा. एकूण अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जावं लागत असेल किंवा की कडक लागत असेल तर थांबा. बहुतेक क्लासिकल गिटारींना ट्रस रॉड नसतोच. काही कारागीर नेकमध्ये कार्बन फायबरच्या पट्ट्या घालतात, तिथेही शोधत बसू नका.

मग ॲक्शन. बाराव्या फ्रेटच्या डोक्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर, तारा मोकळ्या ठेवून, अर्ध्या मिमीच्या खुणा असलेल्या स्टीलच्या पट्टीने मोजा. पोलादी तारांना सहावी २.४ आणि पहिली १.८ मिमी हे चांगलं मधलं माप. जोरात वाजवत असाल तर सहावी २.८ पर्यंत ठेवा. क्लासिकलला साधारण ४ आणि ३ मिमी.

समजा सहावी ३.० मिमी निघाली आणि तुम्हाला २.४ हवी. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मधोमध असल्यामुळे तिथे ०.६ कमी करायला सॅडल दुप्पट, म्हणजे १.२ मिमी उतरवावा लागतो. तारा सैल करा, सॅडल पकडीच्या दातांत कापड घालून सरळ वर ओढा. खालच्या कडेला टोकदार पेन्सिलीने रेघ मारा. काचेच्या तुकड्यावर १५० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि सॅडल काटकोनात उभा धरून एकाच दिशेने घासा. रेघेच्या ०.२ मिमी आधी थांबा, ३२० नंबरवर संपवा, बसवून मोजा. वरची कड अजिबात घासू नका. तिथे प्रत्येक तारेचा सूर जुळवण्यासाठी मागेपुढे उतार दिलेला असतो. तळ गोलसर झाला तर आवाज बसतो, आणि खाली पिकअप (ॲम्प्लिफायरकडे आवाज पाठवणारा भाग) असेल तर एखादी तार ॲम्प्लिफायरमध्ये जवळजवळ मुकी होते.

घासण्याआधी एक तपासणी: ब्रिजच्या वर सॅडल निदान तीन मिमी दिसतो का? आधीच दीड-दोन मिमी उरला असेल आणि ॲक्शन तरी जास्त असेल, तर दोष सॅडलचा नाही, नेकचा कोन बदलला आहे. ते काम कारागिराचं.

कोकण आणि मुंबईकरांनी गिटार मागवतानाच हाडाचे दोन सॅडल करून घ्यावेत. एक नेहमीचा, एक त्याहून अर्धा ते पाऊण मिमी कमी उंचीचा. मृगात फळी फुगली की पावसाळी सॅडल घाला, दसऱ्यानंतर नेहमीचा परत. तळाशी पेन्सिलीने ‘पा’ आणि ‘उ’ लिहून ठेवा. दरवर्षी एकच सॅडल घासून आणि खाली कागद घालून उंच करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

नटची तपासणी सोपी: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. केसाएवढी फट हवी. ०.३ मिमीहून जास्त असेल तर एफ कॉर्डला बोट दुखतं आणि पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. खाच उतरवायला तारेच्या जाडीची खास कानस लागते. एक घासा जास्त झाला की मोकळी तार खरखरते आणि नट नवा घालावा लागतो, म्हणून पहिल्या वर्षी हे दुसऱ्याला करू द्या.

खरखर कुठून येते

तंबोऱ्यात मिरजेचे कारागीर घोडी तासून मुद्दाम जवारी काढतात, तार घोडीला हलकेच घासत राहते आणि सूर खुलतो. गिटारमध्ये नेमकी तीच गोष्ट दोष. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नटची खाच खोल आहे. पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर रिलीफ कमी. एकाच फ्रेटवर असेल तर पुढचा फ्रेट उचलला गेला आहे. बाराव्याच्या पुढे सगळीकडे असेल तर सॅडल खाली किंवा नेकचा कोन. सगळ्या गिटारभर, आणि महिना मे असेल, तर काहीही पिळू नका, आधी मापक बघा.

तारेला हात न लावताही एखाद्या ठराविक सुराला काहीतरी थरथरत असेल तर खुंट्यांच्या चकत्या आणि स्क्रू, पिकअपची वायर, पोटातली बॅटरी, कापून न टाकलेलं तारेचं टोक हे सगळं तपासा. शेवटी बोटाच्या पेराने फळीवर हलकेच ठोकत जा. सुटलेला ब्रेस फुटक्या मडक्यासारखा वाजतो.

बदल करताना

ज्या बदलातून मागे फिरता येतं तो आधी, भोक पाडणारा शेवटी. तारा, पिना, हाडाचा सॅडल, यांनी आवाज किती बदलतो ते महिनाभर ऐका. अनेकांची नव्या पिकअपची इच्छा वेगळ्या तारांवरच भागते.

खुंट्या बदलायच्या तर आधी भोकाचा व्यास, पाठीवरच्या स्क्रूंची जागा आणि हेडस्टॉकची, म्हणजे खुंट्या बसतात त्या डोक्याची, जाडी मोजा. जुन्या स्क्रूंच्या भोकांवर नव्या बसल्या नाहीत तर विद्रूप दिसतं. स्क्रू घालण्याआधी मेणबत्तीवर फिरवा. कडक लाकडात कोरडा स्क्रू मुंडी तुटून आतच राहतो आणि मग तो काढण्यात अर्धा दिवस जातो. गुणोत्तर १८:१ असेल, म्हणजे मूठ अठरा वेळा फिरवल्यावर खुंटी एकदा फिरत असेल, तर बारीक सूर लावणं १४:१ पेक्षा सोपं जातं.

पिकअपमध्ये साउंडहोलला अडकवायचा मॅग्नेटिक सर्वांत निरुपद्रवी, वाजवून झालं की काढता येतो. ब्रिजच्या खाली आतून चिकटवायच्या छोट्या गोल चकत्या गिटारचा खरा आवाज देतात, पण मोठ्या आवाजाच्या स्टेजवर लवकर हूं-हूं करतात. सॅडलखालची पट्टी स्टेजला सोयीची, आवाज जरा प्लास्टिकचा. ती घातली की तिच्या जाडीइतका सॅडल खालून घासावा लागतो, हे विसरून ‘पिकअपमुळे ॲक्शन वाढली’ अशी तक्रार होते. शेवटच्या दोन्हींना सहसा शेपटीच्या टोकाशी १२ मिमीचं जॅकचं भोक लागतं. पॉलिशवर चिकटपट्टी लावा, स्टेप ड्रिलने हळूहळू मोठं करा, थेट १२ मिमीचा ड्रिल घातला तर लाखेचे टवके उडतात. बाजूच्या फळीला चौकोन कापून बटणांचा प्रीॲम्प बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर हातघडणीच्या गिटारवर तो ऐकू नका. दहा वर्षांनी त्या मॉडेलचा सुटा भाग मिळत नाही आणि भोक मात्र राहतं.

पुसणं, तेल, पॉलिश

कारागिराला विचारा वर काय चढवलं आहे. फ्रेंच पॉलिश म्हणजे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने चढवलेला अतिशय पातळ थर. क्लासिकल गिटारींवर बहुधा हेच असतं. त्याला स्पिरिट, अत्तर, सॅनिटायझर, घामेजलेला दंड सगळंच मारक, त्यामुळे बाहीचा शर्ट घाला. नायट्रो लॅकर हे दुसरं पॉलिश रबराशी भांडतं. स्टँडचं रबर आठवडाभर टेकलं तर पॉलिश मऊ होऊन ठसा उमटतो. स्टँडला जुना सुती रुमाल गुंडाळा, काम झालं. सिलिकॉन असलेली फर्निचरची पॉलिशं कुठल्याच गिटारवर नकोत, पुढे तडा जोडायची वेळ आली तर गोंद आणि लाख दोन्ही धरत नाहीत.

रोज वाजवून झाल्यावर कोरड्या मायक्रोफायबरने तारा आणि फळी पुसा. किनाऱ्यावरच्या हवेत हे टाळलं तर तारा दोन आठवड्यांत काळ्या पडतात. फिंगरबोर्ड शिसव किंवा एबनीचा असेल तर वर्षातून एकदा, फार तर दोनदा, मिनरल ऑइलचे पाच-सहा थेंब कापडावर घेऊन चोळा, पाच मिनिटांनी पूर्ण पुसून काढा. बाजारातलं ‘लेमन ऑइल’ म्हणजे बहुतेक वास घातलेलं मिनरल ऑइलच. खोबरेल, तीळ, मोहरी अशी स्वयंपाकघरातली तेलं नकोत. ती खवट होतात, चिकट होतात आणि धूळ धरतात. मेपलच्या चकचकीत बोर्डला तेल लागतच नाही.

तडा गेला, ब्रिज उचलला

फळीत रेषेच्या दिशेने बारीक तडा दिसला तर पहिलं काम म्हणजे त्याला हात न लावणं. बोटाचं तेल, पॉलिश, झटपट चिकटणारा सुपरग्लू, यांतलं काहीही आत गेलं की नीट जोड अशक्य होतो. तारा दोन सुरांनी उतरवा, गिटार केसमध्ये ठेवा आणि आठवडा-दोन आठवड्यांत हवा हळूहळू ५० टक्क्यांवर आणा. पुष्कळदा तडा आपोआप मिटतो. मिटलेल्या तड्यातच कारागीर सरस किंवा सुतारकामाचा पिवळा गोंद भरून आतून लाकडाचे छोटे तुकडे लावतो. सुताराकडचा पांढरा गोंद इथे चालत नाही, तो कायमच्या ताणाखाली हळूहळू सरकतो.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीच्या कागदाची पट्टी सरकवून बघा. दोन मिमीपेक्षा आत गेली तर ब्रिज सुटतो आहे. तारा सैल करा आणि गिटार कारागिराकडे पाठवा. याचं नेहमीचं कारण उन्हात उभी केलेली गाडी. बंद गाडीत तापमान सहज ६० अंशांपुढे जातं, आणि त्या उष्णतेत गिटारचे गोंद मऊ पडायला लागतात. वरून ७० किलोचा ताण आहेच.

प्रवास

विमानात हार्ड केस, आणि हेडस्टॉकच्या खाली, वर, दोन्ही बाजूंना गुंडाळलेले टॉवेल, जेणेकरून आपटल्यावर डोकं मागे झुकणार नाही. नेक तिथेच मोडते. तारा एक-दोन सुरांनी उतरवा, पूर्ण सैल करू नका. उतरल्यावर केस लगेच उघडू नका. थंडीतून उबदार घरात आणलेल्या गिटारवर नायट्रो लॅकरला जाळीसारख्या भेगा पडतात, चार-पाच तास केस बंदच राहू द्या. न्यू जर्सी किंवा टोरांटोला राहणाऱ्यांसाठी हिशोब उलटा असतो. तिथे हीटर चालू झाला की घरातली हवा २०–२५ टक्क्यांवर येते, म्हणजे जानेवारी हाच त्यांचा वैशाख. मुंबईहून नेलेली गिटार पहिल्याच हिवाळ्यात फाटते ती यामुळे.

शिसवाच्या गिटारीला परदेशी नेताना कागद लागतात का, हे अनेकजण विचारतात. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाची सगळी जात साइटीस, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि वाद्यांचीही अडचण झाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझिलियन रोझवुड मात्र १९९२ पासून पहिल्या परिशिष्टात आहे, ती सूट त्याला नाही. जुनी गिटार विकत घेताना हे आधी विचारा.

कारागिराला फोन करताना ‘आवाज बसलाय’, ‘जड झालीय’ असं सांगितलं तर तो काहीच करू शकत नाही. केसच्या खणात एक छोटी वही ठेवा आणि महिन्यातून एकदा एक ओळ लिहा. फोनवर तीच वाचून दाखवायची: १४ जुलै, केसमध्ये ५८ टक्के, रिलीफ ०.२५, सहावी २.७, पहिली २.०, ‘पा’ सॅडल, तारा १२–५३, ब्रिजमागे कागद जात नाही.